खोलीबाहेर गेलेलं वाक्य

संपादकांचा फोन आला तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. "सर, तुमच्याकडं एकेक नमुने आले असतील," ते म्हणाले, "दिवाळी अंकासाठी चार-पाच मजेदार किस्से द्या. नावं बदलून द्या, म्हणजे झालं."

त्यांचं ते शेवटचं वाक्य मला लागलं. त्यात त्यांचा काही दोष नाही. नावं बदलली म्हणजे झालं, असं मीही आयुष्यातली बरीच वर्षं मानत होतो. फोनवर हो म्हणालो आणि नंतर महिनाभर कागदाला हात लावला नाही. आता लिहितोय ते त्यांनी मागितलेलं नाही, पण माझ्याकडं सांगण्यासारखं एवढंच उरलं आहे.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण आमच्या धाराशिवात ते शेवटपर्यंत फार कुणाला कळलं नाही. मी मनोविकारतज्ज्ञ. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचो, रुग्ण तपासायचो, गोळ्या लिहून द्यायचो. लोक मला डोक्याचा डॉक्टर म्हणायचे आणि माझ्या दारात उभं असताना कुणी ओळखीचं दिसलं तर शेजारच्या कान-नाक-घशाच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. पण याशिवाय मी आणखी एक विद्या शिकलो होतो. तिला मनोविश्लेषण म्हणतात. त्यात डॉक्टर बहुतेक वेळ गप्प असतो. रुग्णानं कोचावर पडायचं आणि मनात येईल ते बोलायचं. निवडायचं नाही, गाळायचं नाही, लाजायचं नाही. डॉक्टर त्याच्या डोक्यामागं खुर्ची टाकून ऐकतो. आठवड्यातले चार-पाच दिवस, रोज पाऊण-एक तास, अशी काही वर्षं. ही विद्या शिकायची तर आधी स्वतः त्या कोचावर पडावं लागतं. मी मुंबईत चार वर्षं पडलो. तिथं मला स्वतःबद्दल बरंच काही कळलं. माणसांनी माझं कौतुक करावं याची मला किती भूक आहे, हेही तिथंच कळलं होतं. कळलं म्हणजे सुटलं, असं मात्र नसतं.

धाराशिवला नोकरीवर आलो आणि हौसेनं एक कोच करून घेतला. महिन्याभरात तो काढावा लागला. परक्या पुरुषासमोर बाई आडवी होणं शक्यच नव्हतं, आणि पुरुष आडवा झाला की आपण होऊन सदरा वर करून पोट दाखवायचा. मग मी खिडकीकडं तोंड करून एक खुर्ची ठेवली. रुग्ण खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडं बघत बोलायचा, मी बाजूला बसायचो. चार-पाच दिवस तर कुणालाच जमायचं नाही. एक दिवस, फार तर दोन दिवस. मुंबईच्या माझ्या गुरूंनी याला मनोविश्लेषण म्हटलं नसतं. मी म्हणायचो.

बेंबळीचे एक आजोबा बायकोला घेऊन आले होते. बाईंना झोप नव्हती आणि छातीत धडधड व्हायची. मी त्यांना बोलतं केलं. तासभर त्या बोलल्या, रडल्या, शेवटी पदरानं तोंड पुसून हसल्यासुद्धा. कोपऱ्यात बसलेले आजोबा इतका वेळ काही बोलले नव्हते. ते उठून म्हणाले, "सायेब, ह्या गप्पा झाल्या असत्याल तर आता जरा तपासता का?" मी त्यांना म्हणालो की तपासणीच चालली होती. त्यांनी टोपी डोक्यावर नीट केली. मग बायकोला म्हणाले, "चल. हे तर मला घरी बी जमंल."

हा किस्सा मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगायचो. पोरं हसायची. मग मी गंभीर होऊन सांगायचो की खोलीत बोललेलं खोलीतच राहिलं पाहिजे, आपल्या धंद्यात भांडवल एवढंच. मी चांगला बोलतो. वर्ग शांत व्हायचा.

महानंदा माझ्याकडं आली ती एका मंगळवारी. हे तिचं खरं नाव नाही. गाव तामलवाडीच्या आसपासचं, एवढंच सांगतो. नवरा आणि सासू तिला दोन बाजूंनी धरून घेऊन आले होते. नवऱ्याचं नाव आपण शिवलिंग ठेवू. हमरस्त्यावर त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं. सरळ, कमी बोलणारा माणूस. सासू मात्र बोलत होती.

"सात म्हैने झालं बगा, तोंडातनं शबुद न्हाय. नांदायला आली तवा आशी नव्हती. लेकरू गेलं आन् ही आशी झाली. चार म्हैन्याची पोर हुती, तापानं गेली. लेकरं काय कुनाची जात न्हायती? पर हिनं आसं धरून बसावं का?"

"काहीच बोलत नाहीत?" मी विचारलं.

"येकच बोलती," शिवलिंग म्हणाला. "कानडीत. हिचं माहेर मुरूमच्या पल्याड हाय, सरहद्दीला. आमाला कुनाला कानडी येत न्हाय. दिसातनं धा-ईस बार तेच पुटपुटती. आईला वाटतं बाहेरचं काय तरी हाय."

ती तेव्हा खाली बघत बसली होती. पंचवीस-सव्वीसची असेल. हिरव्या साडीचा काठ बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. सासूचं बोलणं चालू असतानाच तिनं तोंड न उचलता ते म्हटलं. "कूस मलग्याद, एब्बिसब्याड."

माझं आजोळ उमरग्याकडचं. लहानपणी सुट्टीत कानडी कानावर पडलेलं. त्या वाक्याचा अर्थ होता, बाळ झोपलंय, उठवू नकोस. मी तिला कानडीत विचारलं की बाळ कुठं झोपलंय. तिनं साडीचा काठ सोडला आणि सात महिन्यांत पहिल्यांदा, असं शिवलिंगनं नंतर मला सांगितलं, ती कुणाच्या तरी तोंडाकडं बघू लागली.

उपचार मंगळवारी आणि शुक्रवारी असं ठरलं. गोळ्याही दिल्या, त्या आवश्यकच होत्या. घरून तुळजापूर, तुळजापूरहून धाराशिव, अशा दोन एस.ट्या बदलून शिवलिंग तिला घेऊन यायचा आणि बाहेर लिंबाखाली वर्तमानपत्र वाचत बसायचा. आत आम्ही दोघंच. दार मी अर्धं उघडं ठेवायचो आणि बाहेरच्या बाकावर डॉक्टर नसरीन बसायची. नसरीन नळदुर्गची, माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. मांडीवर प्रबंधाचे कागद घेऊन ती तिथं बसली आहे हे महानंदाला दिसायचं, पण आतलं नसरीनला ऐकू जायचं नाही.

पहिले दोन महिने महानंदा खिडकीसमोर बसून राहिली आणि मी तिच्या बाजूला. मधूनमधून ते वाक्य. बाकी काही नाही. लोकांना वाटतं गप्प बसणं सोपं असतं. तास-तास कुणाच्या तरी शेजारी, घड्याळाकडं न बघता, कंटाळा न दाखवता, काही तरी करून टाकण्याची घाई न करता बसून बघा. मला त्या काळात जे जमलं ते त्याआधी आणि नंतर कधी जमलं नाही, असं मला वाटतं. तिसऱ्या महिन्यात ती एकदा म्हणाली, "ही खिडकी उघडत न्हाय का?"

खिडकीचा खिळा गंजला होता. मी शिपायाला बोलावून पकडीनं तो काढायला लावला. पुढच्या वेळी ती आली, उघडी खिडकी बघितली आणि बोलायला लागली. अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. माहेरच्या विहिरीबद्दल, भावाबद्दल, दिराच्या लग्नात तीन दिवस चाललेल्या स्वयंपाकाबद्दल. सासरी ती कानडीत बोलली की जावा हसायच्या, म्हणून ती लेकीशी कानडीत बोलायची, कारण चार महिन्यांचं लेकरू हसत नाही, नुसतं ऐकतं.

मग एका शुक्रवारी तिनं ते सांगितलं. मी ते इथं लिहितो आहे, कारण आता ते त्या भागात सगळ्यांना माहीत आहे, आणि ते सगळ्यांना माहीत होण्याला कारण मी आहे.

लेकीला ताप आलाच नव्हता. दिराच्या लग्नाची पाहुणेमंडळी गेली त्या दिवशी महानंदा तीन दिवसांची थकलेली होती. लेकीला कुशीत घेऊन पाजता पाजता तिला झोप लागली. पहाटे जाग आली तेव्हा लेक तिच्या अंगाखाली होती. गार पडली होती. महानंदानं तिला दुपट्यात गुंडाळलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. सासू उठून आली आणि लेकरू घ्यायला हात पुढं केला. तेव्हा महानंदा कानडीत म्हणाली, बाळ झोपलंय, उठवू नका. ते सासूला कळलं नाही. मग उजाडलं आणि लोक जमले. तिनं सांगितलं, लेकीच्या अंगात रात्रीपासून कणकण होती.

मी तिला जे खरं आहे ते सांगितलं. या वयाची लेकरं कधी कधी झोपेत आपोआप जातात. का जातात ते आम्हाला अजूनही नीटसं कळलेलं नाही. तुझ्यामुळंच गेली असं कुणीही सांगू शकत नाही. मीही नाही.

ती लिंबाकडं वळली. मग म्हणाली, "म्हंजे तुमाला ठावं न्हाय, आन् मला बी ठावं न्हाय."

"नाही."

"मग आपन दोगं गप बसू. हे हितंच ऱ्हाईल न्हवं?"

"इथंच राहील," मी म्हणालो.

त्यानंतर ते वाक्य बंद झालं. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही, कारण अशा गोष्टीतून कुणी बरं होत नाही. पण ती घरात बोलायला लागली, भाकरी करायला लागली, नणंदेच्या बाळंतपणात धावपळ केली. शिवलिंग एकदा पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "काल हसली बगा. टीव्ही बघून हसली." तो टेबलाशी उभाच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. अकरा महिन्यांनी आम्ही भेटी थांबवल्या. तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता, आणि मी तसाच ठेवायला हवा होता.

दोन वर्षांनी एका परिषदेत मला व्याख्यानाचं आमंत्रण आलं. त्या काळात सगळं ऑनलाइन चाललं होतं. विषय मीच सुचवला. ग्रामीण भागात, कोचाशिवाय, दोन भाषांच्या मध्ये मनोविश्लेषण कसं करता येतं. मोठ्या शहरांतली, परदेशातलीसुद्धा माणसं ऐकणार होती. खरं सांगायचं तर मला त्या लोकांना दाखवायचं होतं. धाराशिवसारख्या ठिकाणी बसून एक माणूस तुमच्यापेक्षा बारीक काम करतो, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी महानंदाची केस घेतली. नाव काढलं. वय बदललं. गाव काढून नुसतं सीमाभाग म्हटलं. नवऱ्याला दुकानदाराऐवजी शिक्षक केलं. तिची परवानगी मागितली नाही. मागायला गेलो तर तिची जखम पुन्हा उघडेल, असं कारण मी स्वतःला दिलं. कारण चांगलं होतं. माझी कारणं नेहमी चांगली असतात.

मसुदा मी नसरीनला दाखवला. तोपर्यंत ती आमच्याच विभागात नोकरीला लागली होती. तिनं तो दोनदा वाचला.

"सर, ते कानडी वाक्य काढू या का?" ती म्हणाली.

"का?"

"बाकी सगळं बदललंय. ते तेवढं तसंच आहे."

"नसरीन, ते वाक्य हेच तर व्याख्यान आहे. ते काढलं तर राहिलं काय?"

"मराठी करून टाका सर. किंवा दुसरं काही तरी घाला."

मी तिला समजावून सांगितलं. ध्वनी कसा महत्त्वाचा, भाषांतरात त्या बाईचं दुःख कसं निसटतं, वगैरे. ती ऐकत राहिली. मी तिचा मार्गदर्शक होतो, विभागप्रमुख होतो. ती म्हणाली, "ठीक आहे सर." आजही ती माझ्याशी बोलते, घरी येते, पण त्या "ठीक आहे सर" बद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

व्याख्यान चांगलं झालं. पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकोनांतली माणसं स्तब्ध होऊन ऐकत होती. ते वाक्य मी तिच्यासारखं म्हणून दाखवलं. मान खाली घालून, पुटपुटत. माझा आवाजही थोडा कापला आणि तो मी कापू दिला. नंतर अभिनंदनाचे संदेश आले. एका ज्येष्ठ विश्लेषकांनी लिहिलं की इतकं संवेदनशील निवेदन त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मी ते बायकोला वाचून दाखवलं.

आयोजकांनी व्याख्यानाचं चित्रण सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणी तरी त्यातला नेमका सात-आठ मिनिटांचा तुकडा काढला, त्याला रडवेलं संगीत लावलं, "या आईनं काय लपवलं होतं?" असं शीर्षक दिलं आणि सोडून दिला. तो कुणी केला ते कधी कळलं नाही. फोनवरून फोनवर फिरत तो कुठं कुठं गेला कोण जाणे. एवढं कळलं की एके दुपारी तो महानंदाच्या जावेच्या फोनवर आला. जावेनं तो भाजी निवडता निवडता लावला. सीमाभाग, शिक्षक, वय, यातलं तिला काही ओळखीचं वाटलं नसतं. पण ते वाक्य तिनं सात महिने, दिवसातून दहा-वीस वेळा ऐकलेलं होतं. त्या घरात ते वाक्य पोरासोरांनासुद्धा पाठ होतं. त्याचा अर्थ तेवढा त्यांना माहीत नव्हता. तो मी सांगितला. आणि त्याच्या पुढचंही.

शिवलिंग बाह्यरुग्ण विभागात आला तेव्हा रांगेत नंबर लावून आला. त्याची पाळी येईपर्यंत बाहेर बसून राहिला. आत येऊन रुग्णाच्या खुर्चीत बसला, खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला आणि तो तुकडा लावला. पूर्ण संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत होतो.

"ह्यो आवाज तुमचाच न्हवं?" त्यानं विचारलं.

"माझाच."

"आन् ही बाई?"

खरं तर तेव्हाही मला नियमाची आठवण झाली, की रुग्णाबद्दल नातेवाइकांना काही सांगायचं नसतं. त्याला ते कळलं असावं. तो थोडासा हसला.

"न्हाय सांगितलं तरी चालतंय. घरात सगळ्यास्नी कळलंय. गावात बी कळलंय. दुकानात येत्यात लोकं, खताचं इचारत्यात आन् माझ्या तोंडाकडं बगत्यात."

"महानंदा कशी आहे?"

"आई तिच्या हातचं खाईना झालीय. मी आईला समजावलं, व्हतंय आसं म्हणलं. आई म्हणली, नातीला मारून तापाचं नाव केलं. म्हैनाभर घरात ह्येच." त्यानं टेबलावरचा फोन उचलून खिशात ठेवला. "परवा भाऊ येऊन घेऊन गेला तिला. मी आडवलं न्हाय."

"शिवलिंग, तिचा यात दोष नाही. हे मी तुमच्या आईला येऊन सांगतो. आजच येतो."

"नगं," तो म्हणाला. "तुमी लई सांगितलंय."

तो उठला. दाराशी जाऊन परत वळला. त्याच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "सायेब, येक इचारतो. तिनं मला का न्हाय सांगितलं? म्या काय केलं असतं ते मला बी ठावं न्हाय. कदाचित आईवानीच वागलो असतो. पर तिनं तुमाला सांगितलं आन् मला न्हाय. आन् तुमी सगळ्या जगाला सांगितलं, मला न्हाय. अकरा म्हैनं म्या भाईर त्या झाडाखाली बसून हुतो."

बाहेर पुढचा रुग्ण दार वाजवत होता.

मी चित्रण काढून टाकायला लावलं. मूळचं निघालं, तुकडा निघाला नाही. तो अजूनही कुठं कुठं असेल. मग मी आमच्या महाविद्यालयाच्या नीतिसमितीकडं स्वतःविरुद्ध लेखी तक्रार केली. समितीत माझेच सहकारी होते. त्यांनी दोन बैठका घेतल्या, चहा मागवला, आणि रुग्णाची ओळख लपवण्याची योग्य ती काळजी डॉक्टरांनी घेतलेली होती, असा निष्कर्ष काढला. पत्राची प्रत मला मिळाली. नियमाप्रमाणं त्यात एकही चूक नव्हती. एक सहकारी मला जिन्यात गाठून म्हणाले, "उगाच मनाला लावून घेऊ नका. गाजलेल्या सगळ्या केसेसमध्ये असं थोडंफार झालंच आहे." ते मला धीर देत होते.

महानंदाच्या माहेरी मी नसरीनला घेऊन गेलो. तिचा भाऊ बसवराज, शेती करणारा, घरात सगळे कानडी बोलणारे. त्यानं आम्हाला पाट दिला, पाणी दिलं. मी कोण आहे ते त्याला माहीत होतं आणि तरी दिलं. महानंदा आतून आली आणि खांबाला टेकून बसली. ती पुन्हा बोलायची बंद झाली होती. आणि या वेळी ते एक वाक्यसुद्धा नव्हतं.

मी तिची माफी मागितली. कानडीत मागितली. ती माझ्याकडं बघत नव्हती, नसरीनच्या चपलांकडं बघत होती. मी पुढच्या पंधरवड्यात पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्यात पुन्हा. मला वाटत होतं की पहिल्या वेळी मी दोन महिने गप्प बसलो आणि ती बोलली, तसाच आताही बसेन. पाच वेळा गेलो. पाचव्या वेळी बसवराज मला गोठ्याकडं घेऊन गेला.

"सर, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "तुमी येऊन गेलात की ती दोन दोन दिवस जेवत न्हाय. मॅडम एकट्या येऊ द्यात. त्यांच्या हातच्या गोळ्या घेती ती."

त्या दिवशी परतताना नसरीन गाडी चालवत होती. मी तिला विचारलं, "माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "सर, आज नको."

नसरीन महिन्यातून एकदा जात राहिली. अजूनही जाते. शिवलिंगनं दुसरं लग्न केलेलं नाही, पण तो महानंदाला घ्यायलाही गेला नाही. हे मला नसरीनकडूनच कळतं. महानंदा हळूहळू भावजयीशी, म्हशीशी, नसरीनशी बोलायला लागली. थोडं, कामापुरतं. मी उरलेली नोकरी केली, पोरांना शिकवलं. बेंबळीच्या आजोबांचा किस्सा सांगायचो. त्यानंतरचं खोलीचं वाक्य मात्र गाळायचो, आणि वर्गात कुणाला काही कमी पडलं असं वाटलं नाही. निरोपसमारंभात माझ्या त्या व्याख्यानाचा गौरवानं उल्लेख झाला. बोलणाऱ्याला काही माहीत नव्हतं. मी हात जोडले.

संपादकांना हो म्हटल्यावर मी नसरीनला सांगितलं की मला हे लिहायचं आहे, पण या वेळी विचारल्याशिवाय नाही. ती म्हणाली, "मी विचारणार नाही सर. तुम्ही चला आणि तुम्ही विचारा." म्हणून गेल्या महिन्यात, बऱ्याच वर्षांनी, मी पुन्हा त्या गावी गेलो.

महानंदा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस कानांवर पांढरे झाले आहेत. मी जवळ जाऊन खाली बसलो. मला गुडघ्यामुळं बसायला वेळ लागला, तोवर ती सोलत राहिली. मी कानडीत सुरुवात केली. तिनं मला मराठीत थांबवलं.

"मराठीत बोला," ती म्हणाली. तिच्या माहेरच्या अंगणात, जिथं कोंबड्यांना हाकलतानासुद्धा कानडीच बोलतात, तिथं.

मी मराठीत सांगितलं की झालं ते सगळं लिहायचं म्हणतोय, माझी चूक लिहायची आहे. ती नको म्हणाली तर लिहिणार नाही, आणि तेच बरोबर असेल.

"लिवा," ती म्हणाली. "झाकायला काय ऱ्हायलंय आता."

मी उठायला हात टेकला. तेव्हा तिनं विचारलं, "माज्या लेकीचं नाव सांगितलं व्हतं का त्या लोकास्नी?"

"नाही."

"ह्याच्यात लिवनार हायत?"

"नाही."

"तुमाला ठावं हाय पर."

"हो. तुम्ही एकदा म्हणाला होतात."

तिनं सुपातले दाणे एका बाजूला केले, टरफलं दुसऱ्या बाजूला. मग पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "मग ते इसरा. ते माजं मला ऱ्हाऊ द्या."

मी हो म्हणालो. ती सूप घेऊन आत गेली.

घरी येऊन आता महिना होत आला. हल्ली मी शेजाऱ्यांची नावं विसरतो, जुन्या विद्यार्थ्यांची विसरतो, परवा औषधाच्या दुकानात स्वतःच्या नातवाचं नाव मला पटकन आठवलं नाही. ते नाव मात्र रोज सकाळी जाग आली की पहिलं येतं. अजून जमलेलं नाही.